एकट्याने पाहिले तर?

चाकणहून रात्रपाळी करून परतलेल्या कामगाराने आकाशात विचित्र उजेड पाहिल्याचे सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला: किती घेतली होती? घरची मंडळी तर थेट मांत्रिक गाठतात!

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात असंख्य लोकांनी आकाशात अग्निरेषा पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरीत धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे असावे, असे जाणकारांनी सांगितले. कोणी कोणाला वेड्यात काढले नाही.

अमेरिकेतील सोकोरोचा पोलीस लॉनी झामोरा मात्र २४ एप्रिल १९६४ रोजी एकटाच होता. अंडाकृती वस्तू उडून जाताना त्याने पाहिली. जमिनीवर खुणा, जळकी झुडपे सापडली. हवाई दलाने कसून चौकशी केली; उलगडा झाला नाही. परग्रहवासीयांचा पुरावा मिळाला नाही, पण झामोराला खोटारडाही ठरवले नाही.

आम्ही आमच्या कामगार बांधवांना एवढेच विचारतो: किती वाजता, कोणत्या दिशेला, किती वेळ? लगेच वहीत लिहा.