पक्ष बदला, पण आधी पद सोडा



अंबरनाथ नगरपालिकेत निवडणुकीच्या निकालानंतर जे घडले, ते ‘स्थानिक पातळीवरची तडजोड’ म्हणून सोडून देता येणार नाही. नगराध्यक्ष भाजपचा निवडून आला, पण सभागृहात सर्वांत मोठा पक्ष ठरला शिंदे यांची शिवसेना. मग आपल्याच मित्रपक्षाला रोखण्यासाठी भाजपने चक्क काँग्रेसच्या नगरसेवकांबरोबर आघाडी केली. काँग्रेसने आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित केले, तर ते सरळ भाजपमध्ये गेले. पंजासमोरचे बटण दाबणाऱ्या मतदाराला यात कुणी विचारले का?

हा रोग जुना आहे आणि तो एका पक्षाचा नाही. मुंबईत २०१७ मध्ये मनसेच्या ७ पैकी ६ नगरसेवकांनी शिवसेनेत उडी मारली. भिवंडीत ९० पैकी ४७ जागा जिंकून काँग्रेसला स्पष्ट बहुमत होते. तरी डिसेंबर २०१९ मध्ये तिचेच १८ नगरसेवक फुटले आणि अवघ्या ४ नगरसेवकांच्या कोणार्क विकास आघाडीचा महापौर झाला. जळगावकरांनी २०१८ मध्ये भाजपला ७५ पैकी ५७ जागा दिल्या. मार्च २०२१ मध्ये १५ जागांच्या शिवसेनेने तिथे ४५ मते मिळवून महापौरपद घेतले. करोनामुळे मतदान ऑनलाइन होते. जळगावचा महापौर ठरवणारे फुटीर नगरसेवक तेव्हा ठाण्यात मुक्कामाला होते.

फुटलेल्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘लोकांनी मला माझ्या कामावर निवडून दिले.’ चार सदस्यांच्या प्रभागात हे कसे पटावे? अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची असतात आणि प्रचाराच्या पत्रकावर चार चेहऱ्यांखाली चिन्ह एकच असते. कार्यकर्ता दारात येऊन सांगतो, ‘पॅनेल टू पॅनेल चालवा’, म्हणजे चारही मते एकाच चिन्हाला द्या. मते चिन्हावर मागायची आणि निवडून आल्यावर ती स्वतःच्या नावावर जमा करायची, हा कुठला न्याय?

दुसरे उत्तर असते ‘विकासासाठी गेलो’. त्यात थोडे तथ्य आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, आणि बहुतेक पालिका रस्त्यापासून गटारापर्यंत नगरविकास खात्याच्या निधीकडे डोळे लावून बसू लागल्या. म्हणून मंत्रालयात ज्याची सत्ता, त्याच्याकडे नगरसेवकांची रांग. पण जळगावात सत्तांतर झाले आणि पंधरा महिन्यांत, जून २०२२ मध्ये, राज्यातले सरकारच बदलले. अशा हिशेबाने शहराने पाच वर्षांत किती वेळा पक्ष बदलायचा?

नगराध्यक्ष मतदारांनी थेट निवडला की घोडेबाजार थांबतो, असे सांगितले जाते. ही पद्धत २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये रद्द केली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. अंबरनाथचा नगराध्यक्ष थेटच निवडला गेला होता. तरीही बहुमतासाठी जुळवाजुळव झालीच.

खरी गोम पक्षांतराच्या कायद्यात आहे. राज्यघटनेची दहावी अनुसूची खासदार-आमदारांपुरती आहे. नगरसेवकांसाठी राज्याचा १९८६ चा अनर्हता कायदा आहे. तो दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला अभय देतो. म्हणजे एकटा गेला तर अपात्र, टोळीने गेले तर पात्र! शिवाय तक्रारीचा निवाडा नगरपालिकेसाठी जिल्हाधिकारी आणि महापालिकेसाठी विभागीय आयुक्त करतात. दोघेही राज्य सरकारच्या हाताखाली काम करणारे. ज्या पक्षाने नगरसेवक फोडले तोच राज्यात सत्तेवर असेल, तर दाद कुणाकडे मागायची?

म्हणून तीन दुरुस्त्या हव्यात. एक, पक्ष सोडणाऱ्या नगरसेवकाची जागा तत्काळ रिकामी व्हावी, मग तो एकटा जावो की बाराजणांसह, आणि तिथे पोटनिवडणूक लागावी. दोन, अपात्रतेचा निवाडा जिल्हा न्यायाधीशांकडे द्यावा आणि मुदतीत निकाल लागेपर्यंत त्या सदस्याला सभागृहात मतदान करू देऊ नये. तीन, पालिकांचा निधी लोकसंख्या आणि गरज पाहून ठरलेल्या सूत्राने मिळावा, म्हणजे ‘विकासासाठी गेलो’ ही सबबच उरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, पक्षच फुटतात तिथे नगरसेवकाने कुणाशी निष्ठा ठेवायची? प्रश्न रास्त आहे. पक्षाशी न पटल्यास त्याने खुशाल बाहेर पडावे. मात्र नव्या चिन्हावर पुन्हा मत मागावे. ज्याचे काम बोलते, त्याला पोटनिवडणुकीची भीती कसली?

ही दुरुस्ती कोणताही पक्ष आपणहून मांडणार नाही, कारण कुठल्या ना कुठल्या गावात प्रत्येकाने फोडाफोडीचे फळ चाखले आहे. तेव्हा मतदारांनीच आपापल्या आमदाराला लेखी विचारावे : अशी दुरुस्ती विधानसभेत आली तर तुम्ही बाजूने मत द्याल का? आणि मिळालेले उत्तर, किंवा न मिळालेले, वर्तमानपत्रांनी छापावे.

— एक मतदार, जळगाव