बाळाचे वजन कमी भरले, तर दोष सुनेचा नाही

प्रसूतिगृहात नर्स होते तेव्हा एक वाक्य मी कितीतरी वेळा ऐकले. बाळाचे वजन कमी भरले की सासू म्हणायची, "सांगून सांगून दमले, पण हिनं धड खाल्लंच नाही." खाटेवरची पोर गप्प राहायची. मला मात्र विचारावेसे वाटायचे, मावशी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर हिच्यासाठी पातेल्यात काय उरत होतं?

जन्मतः अडीच किलोच्या आत भरलेले बाळ कमी वजनाचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळे अशी होती. अशा बाळाला थंडी लवकर बाधते, अंगावर दूध ओढायला ताकद पुरत नाही, जंतुसंसर्ग पटकन होतो.

काही वेळा कारण आजाराचे असते. बाळ दिवस भरण्याआधी येते, आईचा रक्तदाब वाढतो. पण वस्तीत फिरताना मला दिसतात ती कारणे वेगळी आहेत. अठरा पुरी व्हायच्या आत लग्न. पहिले मूल अंगावर पिते तोवर दुसऱ्याचे दिवस. अंगात रक्त कमी. सातव्या महिन्यातही पहाटे पाण्याच्या रांगेत हंडा. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल," हा खुळा समज. आणि मशेरी. मुंबईतल्या बायांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी, तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली. यातले किती एकट्या सुनेच्या हातात आहे?

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. आपण जयंती थाटात करतो. पण ती विश्रांती आपल्या घरातल्या गरोदर बाईला देतो का?

म्हणून माझे म्हणणे घरातल्या कर्त्यांना आहे. मुलीच्या लग्नाची घाई करू नका. दिवस राहिले की तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवा. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान 180 दिवस, आणि ती चहाबरोबर नको. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथे नवऱ्याने सोबत जावे. हंडा त्यानेच उचलावा. तिचे ताट आधी वाढा, दुपारी तिला तासभर आडवे होऊ द्या.

एवढे करूनही बाळ लहान झाले, तर डॉक्टरांना विचारून त्याला उघड्या छातीशी धरून ऊब द्या. आई थकली तर बापाने, आजीने धरावे.

आणि नळासाठी महापालिकेवर मोर्चा न्याल, तेव्हा निवेदनात गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडाही लिहा. पाणी दारात येणे हा बाळाच्या वजनाचाही प्रश्न आहे.