आठवे घर

मांजरी आपल्या पिलांना सात घरे दाखविते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. ती घरे मोजून सातच भरतात की काय, हे कोणी पाहिलेले नाही. परंतु माणसांची वर्दळ वाढली किंवा बोक्याची चाहूल लागली की एकेका पिलाला मानेशी धरून ती नव्या जागी नेते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. बडोद्याच्या रावपुऱ्यात काय किंवा ग्वाल्हेरच्या लष्करात काय, आपल्या जुन्या वाड्यांना माळे होते, अडगळीच्या खोल्या होत्या, धान्याच्या कोठ्या होत्या आणि म्हणून उंदीरही होते. मांजराला तेथे फारसा मान नसेल, पण काम होते. आणि ज्याला काम असते त्याला घरात जागा मिळते. पुढे अनेक वाडे पडले, तेथे सदनिका उभ्या राहिल्या. माळा गेला, कोठी गेली. आता मांजरीचे बाळंतपण जिन्याखाली किंवा उभ्या स्कूटरच्या आडोशाला होते.

अशी पिले दृष्टीस पडली की काही मंडळी ती पोत्यात घालून मंडईपाशी सोडून येतात. ‘तेथे खायला मिळेल’ ही मनाची समजूत. प्रत्यक्षात तेथे मोकाट कुत्री असतात, वाहने असतात आणि आईचे दूध मात्र नसते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, या धाकाने जे हात काठी उगारीत नाहीत, तेच हात पोत्याची गाठ निःशंकपणे बांधतात! पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुसरी मंडळी दयाळू. ती पिले दिसताच उचलून घरी आणतात. परंतु उचलणे म्हणजे वाचविणे नव्हे. आई बहुधा भक्ष्य शोधायला गेलेली असते. म्हणून प्रथम काही तास दुरून पाहावे. ती परतली तर पिलांना सुमारे आठ आठवडे तिच्यापाशीच राहू द्यावे आणि आपण तिच्या खाण्यापिण्याची सोय करावी. आई खरोखरच नसेल तर आधी ऊब द्यावी, मग दूध. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाही. गाईम्हशीच्या दुधाने पिलांना जुलाब होतात, आणि तळहाताएवढ्या जिवाला तेवढे पुरते. पिलांसाठी निराळी दुधाची भुकटी मिळते. ती जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणावी व पिलाला पोटावर निजवूनच पाजावी. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत ज्याला माणसाचा मायेचा हात लागतो, ते पिलू माणसाळते. पुढे ते काम अवघड होते.

पण खरी कसोटी आहे ती स्थळ पाहण्याची. आमच्या शेजारच्या एका काकूंनी जिन्याखालची चार पिले अशीच वाढविली. तिघांची घरे ठरली. चौथ्याला एका सुखवस्तू घरातून मागणी आली. मुलाच्या वाढदिवसाला अचानक भेट द्यायची होती. काकूंनी एवढेच विचारले, “घरातल्या आजींना चालेल ना?” आजींना कोणी विचारलेच नव्हते. काकूंनी नम्रपणे नकार दिला. पिलू दीड महिना त्यांच्याकडेच राहिले आणि अखेर एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे गेले. लोक काकूंना हट्टी म्हणाले. मला तो हट्ट नव्हे, जबाबदारी वाटते. कारण घाईने दिलेले पिलू पुष्कळदा पुन्हा रस्त्यावरच येते.

म्हणून, भगिनींनो, पिलू देताना संकोच न करता विचारावे: घरातील सर्वांची संमती आहे ना? वरच्या मजल्यावरील खिडक्यांना जाळ्या आहेत ना? सुट्टीत गावी गेल्यावर पाहणार कोण? नीट जपलेले मांजर पंधरा वर्षेही जगते. आज पाचवीत असलेला बाळ नोकरीला लागेपर्यंतची ही सोबत आहे. सुनेला दिवस गेले की मांजराला बाहेर काढणारी घरेही असतात. वास्तविक, मांजराची विष्ठा दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढली, गर्भवतीने बागकामानंतर हात धुतले आणि कच्चे मांस टाळले, तर मांजराला घालविण्याचे कारण उरत नाही. रेबीजची लस मात्र पिलू तीन महिन्यांचे होताच द्यावी. मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक अट घालावीच: संततिनियमनाची शस्त्रक्रिया. मांजरी चारपाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत विते; वर्षातून दोनतीन वेळाही. शस्त्रक्रियेवाचून दिलेली एक मांजरी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात जिन्याखाली आणखी चार पिले. जिन्याखालच्या आईचीही शस्त्रक्रिया पिलांचे दूध सुटताच करून घ्यावी. चाळीतील दहा बिऱ्हाडांनी वर्गणी काढली तर खर्च जड जात नाही.

सात घरे दाखविणे हे आईचे काम. तिच्या परीने ती ते करीतच असते. जेथून पुन्हा हलावे लागणार नाही असे आठवे घर मात्र तिला शोधता येत नाही. ते आपणच शोधावयाचे आहे.