तेल पुसताना इतिहास पुसला जाऊ नये

१/ ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’तून सांडलेले तेल घारापुरीच्या खारफुटीपर्यंत पोहोचले. मासळी आणि खारफुटीची चिंता तेव्हा सर्वांनी केली, आणि ती रास्तच होती. मात्र त्या किनाऱ्यावर आणखीही काही पणाला लागले होते.

२/ घारापुरी म्हटले की १९८७ पासून जागतिक वारसा असलेली लेणी आठवतात. ती डोंगरावर आहेत. तेल तिथवर चढत नाही. परंतु लेण्यांहून जुने बंदर खाली आहे. मोराबंदरच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात रोमन अँफोरा-कुंभांची खापरे सापडली आहेत. हा इतिहास चिखलात आहे, आणि तेल सांडल्यावर खरवडला जातो तो चिखलच.

३/ हा धोका अलास्काने अनुभवला आहे. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डीझ’मधून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले. अलुटिक लोकांच्या प्राचीन वस्त्यांचे अवशेष त्याच किनाऱ्यांवर होते. तेलामुळे रेडिओकार्बन कालमापन बिघडण्याची भीती होतीच. पण गरम पाण्याचे जोरदार फवारे आणि हजारो कामगारांची वर्दळ हा धोका त्याहून मोठा होता. काही स्थळांची तर लूट झाली.

४/ म्हणून तेथे सफाईपूर्वी पुरातत्त्वज्ञ किनारा तपासू लागले आणि स्थळांचे ठावठिकाणे गुप्त ठेवले गेले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी करारच केला: आणीबाणीतही ऐतिहासिक स्थळांचा विचार करणे हे घटनास्थळाच्या समन्वयकाचे कर्तव्य.

५/ आक्षेप ठाऊक आहे: तेल पसरत असताना खापरे कोण मोजत बसणार? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हे काम अपघाताआधी व्हायला हवे. आपल्याकडे तेलगळतीच्या प्रतिसादाचे समन्वयन तटरक्षक दल करते. किनाऱ्यावरील पुरास्थळांचा गोपनीय नकाशा त्याच्या हाती असावा, बोलावता येईल असा पुरातत्त्वज्ञ ठरलेला असावा आणि त्याने पाहिल्याशिवाय अशा स्थळी यंत्र उतरू नये. एवढीच मागणी आहे.

६/ मेलेली खारफुटी पुन्हा लावता येते. विस्कटलेला मातीचा थर मात्र पुन्हा रचता येत नाही.