पर्लला उगाच बदनाम करू नका

"पर्ल ना? ते कधी काय करेल सांगता येत नाही बुवा!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याने स्वतःच्या कोडमध्ये ग्लोबल व्हेरिएबल्सचा बाजार मांडलेला असला की जास्तच.

समजा मंडळी, आमच्या मालवणातल्या एखाद्या होमस्टेचा बुकिंग प्रोग्रॅम आहे. 'दर' मॉड्यूलमध्ये खोलीचा दर, ग्लोबल, १५००. 'बुकिंग' मॉड्यूल त्याच्या निम्मा अ‍ॅडव्हान्स काढून आपल्या ग्लोबलमध्ये ठेवतं. दोघंही वरच्याच ओळीत एकमेकांना 'यूज' करतात. आता गंमत बघा. स्क्रिप्टने आधी 'बुकिंग' लोड केलं तर अ‍ॅडव्हान्स ७५०. आधी 'दर' लोड केलं तर शून्य! म्हणजे दिवसा वेबसाईट नीट चालते आणि रात्रीचा क्रॉन जॉब खोल्या फुकट वाटतो :-)

जादू? छे. 'यूज' चालतं कंपाइल होतानाच, त्या ओळीवर पोचल्या पोचल्या. १५०० भरले जातात नंतर, त्या फाईलचा कोड रन होतो तेव्हा. त्यामुळे 'दर' अर्धवट कंपाइल झालेलं असतानाच गाडी 'बुकिंग'कडे वळते. 'बुकिंग' परत 'दर' मागतं, तर पर्ल म्हणतं, याची नोंद झालीये, पुढे चला. अनडेफ भागिले दोन, शून्य. 'यूज वॉर्निंग्ज' लावलं असेल तर पर्ल तसं सांगतंही. पण लॉग वाचतो कोण!

सी प्लस प्लसमध्ये वेगवेगळ्या फाईलींतल्या अशा ग्लोबल्सचा क्रम भाषा ठरवूनच देत नाही. तिथे रडा की. पर्लमध्ये क्रम पक्का आहे. आमच्याकडे चतुर्थीला आधी माटवी बांधतात, मग तिच्याखाली गणपती बसतो, तितका पक्का.

आणि यावर उपाय काय करतात? 'यूज'च्या ओळी खालीवर करायच्या. आज चाललं ना, बास! उद्या कोणीतरी टापटीप म्हणून त्या ओळी अकारविल्हे लावतो, की बोंबला. नाहीतर दिसेल तिथे बिगिन ब्लॉक ठोकायचे. अहो, दर अशा मॉड्यूलमध्ये ठेवा जे दुसऱ्या कोणालाच 'यूज' करत नाही, आणि अ‍ॅडव्हान्स फंक्शनमध्ये काढा, मागितला की तेव्हाच. चार ओळींचं काम.

पण नाही, "ग्लोबल सोपं पडतं". मग रात्री दोनचा फोनही तुम्हीच घ्या ना. एका कंपनीत असल्याच शून्यापायी सहा महिन्यांच्या फ्रेशरला सगळ्यांदेखत बोलणी बसलेली मी पाहिलीयेत. तो कोड त्याच्या जॉइनिंगच्या आधीपासून तिथे होता.