कार्डाची क्रेन की टोलची क्रेन?

"दादा, रस्त्यात गाडी बंद पडली तर फक्त एक फोन करा, क्रेन हजर!" प्रीमियम क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचं हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. सोबत एअरपोर्टचं लाऊंज, हॉटेलात सूट, प्रवास विमा. ऐकायला झकास. पण वरोरच्या माणसाने हिशेब वरोरमधूनच मांडायला हवा.

एचडीएफसीचं इन्फिनिया घ्या नाहीतर ॲक्सिसचं मॅग्नस. वर्षाची फी 12,500, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 14,750 रुपये. फी माफ हवी तर वर्षभरात इन्फिनियावर 10 लाख आणि मॅग्नसवर 25 लाख खर्च करा. डायचं काम, बोट किंवा चिकूची वाडी यावर चालणाऱ्या घरात एवढं बिल कुठून येणार? आणि लाऊंजमधला तो 'फुकट' चहा प्यायला आधी चारोटी किंवा चिल्हार गाठायचं, मग मुंबईपर्यंत हायवेच्या कोंडीत सडायचं.

इन्फिनियावर विमान अपघातातल्या मृत्यूसाठी 3 कोटींचं कवच आहे. अहो, आपली माणसं विमानात नाही, हायवेवर मरतात!

आता रस्त्यातल्या मदतीचं बघा. कार्डवाल्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वर्षातून किती वेळा? किती किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेणार? मासळीचा टेम्पो, रिक्षा, बाईक चालेल का? ही सोय बहुतेक वेळा खासगी चारचाकीपुरतीच असते. बँक स्वतःची क्रेन पाठवत नाही, बाहेरच्या कंपनीला फोन जोडून देते. तशीच मदत गाडीच्या विम्यासोबत काही शे रुपये जास्त भरून मिळते.

कोणी म्हणेल, ज्याला परवडतं त्याला घेऊ दे, तुमच्या पोटात का दुखतं? जरूर घ्या. महिन्याला चार विमानं पकडणाऱ्याचे पैसे वसूल होतील. माझा मुद्दा वेगळा आहे. जी मदत आपला हक्क आहे, तीच आपल्याला 'सुविधा' म्हणून विकली जातेय आणि आपण हक्क मागायचं विसरतोय.

टोलच्या हायवेवर ॲम्ब्युलन्स, क्रेन आणि गस्तीची गाडी ठेवणं हे महामार्ग प्राधिकरणाचं काम आहे. नंबर 1033, चोवीस तास. कार्ड लागत नाही, फी लागत नाही. टेम्पोवालाही फोन करू शकतो. आपल्यातल्या किती जणांच्या मोबाईलमध्ये हा नंबर सेव्ह आहे?

4 सप्टेंबर 2022 आठवा. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. देशातल्या बड्या उद्योगपतींपैकी एक, गाडी मर्सिडीज. तरी नेलं कुठे? कासाच्या सरकारी रुग्णालयात. जखमींना पुढे गुजरातेत वापीला हलवावं लागलं. जुलै 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका जखमी महिलेला मुंबईला नेताना ॲम्ब्युलन्स याच हायवेच्या कोंडीत अडकली, तिचा जीव गेला. अशा वेळी प्लॅटिनम काय नि साधं एटीएम काय, सगळे एकाच रांगेत.

आणि उद्या? 76,220 कोटींचं वाढवण बंदर येतंय. त्यासाठी वरोर ते तवा 32 किलोमीटरचा महामार्ग. रात्रंदिवस कंटेनर आपल्या दारातून जाणार. म्हणून प्राधिकरणाला आणि जिल्हा प्रशासनाला आत्ताच विचारा:

1. या नवीन रस्त्यावर पहिल्या दिवसापासून क्रेन आणि ॲम्ब्युलन्स कुठे उभी असेल?
2. 1033 वर फोन केल्यापासून मदत पोचेपर्यंत किती मिनिटं लागली, याची नोंद लोकांसाठी खुली करणार का?
3. मे 2025 पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. आपल्या भागातली कोणती रुग्णालयं त्यात आहेत, याचे बोर्ड टोलनाक्यावर लावणार का?
4. वर्षानुवर्षे रखडलेल्या मनोरच्या ट्रॉमा सेंटरचं काय?

ग्रामसभेत हे प्रश्न लेखी द्या, ठराव करा, पोच घ्या. आणि पुढच्या वेळी कार्डवाला आला तर त्याला पाणी द्या, बसवा आणि सांगा, "भाऊ, क्रेनचे पैसे आम्ही टोलवर आधीच भरलेत."

1033 आत्ता सेव्ह करा. पोस्ट गावाच्या ग्रुपवर टाका.