घरोपयोगी शास्त्र : बंद पेटी कीं नळीची पेटी?

मोटार ही एके काळीं श्रीमंतांच्या दारांतली वस्तु होती. आतां ती मध्यम स्थितींतील एकत्र कुटुंबाच्या दारांतही उभी असते. आणि ज्या वस्तूवर घरांतील सर्वांचा हक्क, तिच्याविषयीं मतें देण्याचाही हक्क सर्वांनाच असतो. गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं असाच एक प्रसंग घडला. धाकट्या चिरंजीवांस नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्या पगारांतून घरच्या मोटारींत सबवूफर, म्हणजे केवळ खर्जाचे स्वर काढणारा ध्वनिक्षेपक, बसविण्याचा त्यांनीं बेत केला. दुकानदारानें दोन तऱ्हेच्या पेट्या दाखविल्या. एक चहूंकडून बंद; दुसरीच्या एका अंगास नळी ठेवलेली. दुकानांत नळीच्या पेटीचा आवाज अधिक दणदणीत वाटला, म्हणून चिरंजीवांचें मन तिच्यावर बसलें. काका म्हणाले, "अरे, डिकी सामानासाठीं असते, तींत तूं हें कपाट ठेवणार, मग कोंकणांत जातांना ट्रंका कोठें ठेवायच्या?" आजोबांना अलीकडे कमी ऐकूं येतें. ते इतकेंच म्हणाले, "तुम्हांला काय बसवायचें तें बसवा, मला मात्र पदांतले शब्द कळले पाहिजेत." शेवटीं निवाडा आमच्याकडे आला. असा प्रश्न आज पुष्कळ घरांत उपस्थित होत असल्यामुळें त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करीत आहों.

मुळांत ध्वनिक्षेपकास पेटी लागतेच कशाला? त्याचा पडदा पुढें सरकला म्हणजे पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. दर सेकंदास 40 कंपनें असलेल्या खर्ज स्वराची लाट सुमारें साडेआठ मीटर लांब असते. इतकी लांब लाट लहानशा पडद्याच्या कडेवरून सहज वळते, आणि पुढचा दाब व मागची विरलता एकमेकांस भेटून नाहींशीं होतात. म्हणून उघडा ध्वनिक्षेपक कितीही मोठा असला तरी त्याचा खर्ज पोकळ लागतो. पेटी मागची लाट कोंडून ठेवते. त्या कोंडलेल्या लाटेचें पुढें काय करावयाचें, एवढाच दोन पेट्यांमधला वाद आहे.

बंद पेटी तिला कोंडूनच ठेवते. आंतील हवा स्प्रिंगेसारखी वागते. पडदा आंत आला कीं ती त्यास बाहेर ढकलते, बाहेर गेला कीं परत ओढते. ह्या हवेच्या स्प्रिंगेचा बुद्धिपुरस्सर उपयोग करून अमेरिकेंतील एडगर विल्चर ह्यांनीं 1954 सालीं लहानशा पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. तोंपर्यंत तसा खर्ज ऐकावयाचा तर कपाटाएवढी पेटी घरांत ठेवावी लागे.

नळीची पेटी त्याहून जुनी. बेल प्रयोगशाळेंतील अल्बर्ट थुरास ह्यांनीं तिच्या पेटंटासाठीं 1930 सालीं अर्ज केला व 1932 सालीं तें मंजूर झालें. तिचें तत्त्व समजण्यास अरुंद तोंडाची रिकामी बाटली पुरे. तोंडावरून फुंकर घातली कीं बाटली घुमते. तिच्या गळ्यांतील हवा वजनाचें काम करते आणि पोटांतील हवा स्प्रिंगेचें. हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत ह्या घुमण्याचें गणित मांडलें. पेटीची नळी म्हणजे बाटलीचा गळा. 50 लिटरांच्या पेटीस 10 सेंटिमीटर व्यासाची व सुमारें 36 सेंटिमीटर लांबीची नळी बसविली, तर ती सेकंदास 33 कंपनांच्या सुमारास घुमते. त्या स्वराजवळ पडदा जवळजवळ स्थिर राहतो आणि नळींतील हवाच गाऊं लागते. कोंडलेली लाट उपयोगांत आल्यामुळें आवाजांत तीन डेसिबलांच्या आसपास भर पडते. तितकी भर बंद पेटींत मिळवावयाची तर अँप्लिफायरची शक्ति दुप्पट करावी लागेल. चिरंजीवांचे कान दुकानांत फसले नव्हते, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु ह्या लाभाची किंमत द्यावी लागते. नळीच्या स्वराच्या खालीं पेटीचा आवाज दर सप्तकामागें 24 डेसिबलांनीं कोसळतो. बंद पेटीचा 12 डेसिबलांनीं, सावकाश उतरतो. शिवाय त्या खालच्या प्रदेशांत पडद्यास आंतील हवेचा आधार राहत नाहीं. तो मोकाट हलतो आणि जोर अधिक झाल्यास ध्वनिक्षेपक कायमचा बिघडतो. अतिखर्ज गाळणारी योजना अँप्लिफायरमध्यें असल्यावांचून नळीची पेटी वापरूं नये. तिसरें असें, कीं घुमणारी वस्तु चटकन थांबत नाहीं. डग्ग्यावरची थाप पडून संपली तरी नळी किंचित् काळ घुमत राहते. बंद पेटींत थाप जशी पडली तशीच संपते.

मोटारींत आणखी एक गोष्ट घडते. तिच्या आंतील लांबी अडीच मीटर धरली, तर सुमारें 70 कंपनांच्या खालच्या स्वरांची अर्धी लाटसुद्धां तींत मावत नाहीं. मग लाट पसरण्याऐवजीं आंतील सगळी हवाच एकदम दाबली व सोडली जाते, आणि स्वर जसजसा खालीं जावा तसतसा दाब वाढतो. ही वाढ तत्त्वतः सप्तकामागें 12 डेसिबलांपर्यंत असते. पत्रा व कांचा थरथरतात म्हणून प्रत्यक्षांत कमी मिळते. तरी बंद पेटीचा उतार पुष्कळसा त्यानें भरून निघतो. जी पेटी दिवाणखान्यांत अशक्त वाटेल तीच मोटारींत पुरेशी होते. दुकानांतील फळीवर दोन्ही पेट्या वाजवून केलेली परीक्षा म्हणूनच मोटारीस लागू पडत नाहीं.

जागेचा हिशेब सोपा आहे. बारा इंची ध्वनिक्षेपकास बंद पेटी एक घनफुटाच्या, म्हणजे 28 लिटरांच्या आसपास लागते. नळीची बहुधा दीड ते अडीच घनफूट. लहान मोटारीची डिकी 250 लिटरांच्या सुमारास असते. लाकडाची जाडी धरतां नळीची मोठी पेटी तिचा चौथा हिस्सा सहज अडविते. काकांचा आक्षेप पोकळ नव्हता.

तथापि प्रत्येक ध्वनिक्षेपक दोन्ही पेट्यांस सारखाच योग्य नसतो. ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील ह्यांनीं 1961 सालीं व पुढें रिचर्ड स्मॉल ह्यांनीं 1970 नंतरच्या कांहीं वर्षांत ह्याचें गणित पद्धतशीर केलें, आणि त्यांच्या नांवाचे आंकडे आज ध्वनिक्षेपकाबरोबर छापून येतात. त्यांतील एफ्-एस् ह्या आंकड्यास क्यू-ई-एस् ह्यानें भागावें. उत्तर 50 च्या जवळ किंवा खालीं आलें तर बंद पेटी, 100 च्या जवळ किंवा वर आलें तर नळीची, असा ढोबळ नियम आहे. आंकडे न दाखवितां पेटी विकणाऱ्याकडून ती घेऊं नये.

आतां आजोबांच्या मागणीकडे वळूं. आमच्या मतें ह्या वादांत तीच सर्वांत महत्त्वाची होती. वयपरत्वें कान जातात ते बहुधा वरच्या स्वरांपासून. खर्ज ऐकूं येत राहतो, परंतु "स", "श", "त", "फ" हीं व्यंजनें विरत जातात, म्हणून वृद्ध माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहींत." त्यांत मोठा खर्ज आपल्याहून वरच्या स्वरांस झाकून टाकतो, हा कानाचा धर्मच आहे. घुमणारी पेटी जोरानें लावली तर नातू ज्या आनंदानें गाडींत गाणें लावील, त्याच गाण्यांतून आजोबा बाहेर पडतील. ते कांहीं बोलणार नाहींत. पुढच्या खेपेस "तुम्ही जाऊन या" म्हणून घरींच राहतील. पुरुषगायकाचा षड्ज काळी एक धरला, तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 कंपनांच्या आसपास असते. ह्या घरांत जें गाणें ऐकलें जातें त्यास ह्याहून फार खोल जाण्याची गरज पडत नाहीं.

तरुण कानांविषयींही दोन शब्द. कानाच्या ग्रहणशक्तीस अनुसरून मोजलेला 85 डेसिबल आवाज दिवसांत आठ तासांपेक्षां अधिक सोसूं नये, आणि दर तीन डेसिबलांच्या वाढीस ही मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेंतील नियॉश ह्या संस्थेचा दंडक आहे. त्या हिशेबानें 94 डेसिबलांस एकच तास उरतो. आंतल्या कानांतील नाजूक केसपेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहींत.

आमचा निवाडा बंद पेटीच्या बाजूनें पडला. ज्याची मोटार स्वतःची, ज्यास 30 ते 50 कंपनांतील यांत्रिक तालाचें संगीत आवडतें, आणि ज्याला डिकीची फारशी गरज नाहीं, त्यानें योग्य गणितानें केलेली नळीची पेटी खुशाल घ्यावी. एकत्र कुटुंबाच्या मोटारीस मात्र बंद पेटी बरी. ती करविण्यास 18 मिलिमीटर जाडीचें चांगलें प्लायवुड घ्यावें. दाबून केलेला भुशाचा तक्ता पावसाळ्यांत फुगतो. सांधे सरस व स्क्रू दोन्हींनीं पक्के करावे, आणि पेटी वाजत असतां सांध्यांजवळून उदबत्ती फिरवावी. धूर थरारला तर तेथें हवा गळते आहे. पेटी पट्ट्यांनीं गाडीस जखडावी, नाहींतर जोराचा ब्रेक लागतांच ती मागच्या बाकावर बसलेल्यांच्या पाठीवर येईल. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेस बॅटरीजवळच फ्यूज असावा.

चिरंजीव प्रथम थोडे हिरमुसले, परंतु पेटी त्यांनीं सुताराजवळ बसून स्वतः करविली. परवां तीं मंडळी कोंकणांत जाऊन आलीं. ट्रंका मावल्या, असें काकांनीं सांगितलें. आजोबांनीं वाटेंत एक पद दोनदां लावावयास सांगितलें. दुसऱ्या वेळीं नातवानें आपण होऊन आवाज थोडा कमी केला, आणि आजोबा मागच्या बाकावरून त्याच्याबरोबर शब्द म्हणूं लागले.